साडूभाऊंचा कोबा

एपॉक्सीच्या खोक्यावर एक चित्र असतं. वाकून भांग पाडावा इतकी चकचकीत राखाडी जमीन, तिच्यात उलटी दिसणारी लाल गाडी, आणि भिंतीवर उंचीच्या क्रमाने टांगलेले पाने. त्या चित्रात तांदळाची गोणी नाही. गणपतीचं मखर नाही. चेन बिघडलेल्या, पण ‘अजून एका फेरीला चालतील’ अशा बॅगा नाहीत. हे गॅरेज कुठल्याही मराठी कुटुंबाचं नव्हे, हे एका नजरेत कळतं. तरीही आमच्या साडूंनी ते खोकं घरी आणलं.

खोक्याच्या मागच्या बाजूला सूचना असतात. रंग कसा लावावा यावर चार ओळी. रंग लावण्याआधी जमीन कशी तयार करावी यावर उरलेलं सगळं खोकं, आणि तेही पुरलं नाही म्हणून आत घडी घातलेला एक लांबलचक कागद. दुकानात माणूस पुढची बाजू बघून पैसे मोजतो आणि मागची बाजू घरी येऊन वाचतो. या धंद्याची सगळी बरकत त्या दोन बाजूंमधल्या पुठ्ठ्यात आहे.

साडू डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात राहतात. पुण्या-चिंचवडच्या कारखान्यांत हात काळे करून पुढे मिशिगनच्या मोटारधंद्यात शिरलेल्या इंजिनिअरांची एक मोठी फळी आहे, तिच्यातले. ब्रेकचा एवढासा पार्ट मंजूर करायला वर्षं घालवणारा हा माणूस. त्याच्या एका हातात सूचनांचा कागद आणि पायाखाली चारशे चौरस फूट जमीन आली की काय होणार, हे मेव्हणीने लगेच ओळखलं. ‘हा आता दिवाळीपर्यंत गेला,’ असं तिने माझ्या बायकोला फोनवर सांगितलं. तेव्हा जून चालू होता.

जमिनीची अवस्था मात्र खरोखरच वाईट होती, आणि त्याचं मूळ त्या शहरातच आहे. अमेरिकेतला पहिला मैलभर काँक्रीटचा हमरस्ता १९०९ साली आमच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर झाला, असं डेट्रॉइटचे लोक छाती काढून सांगतात. त्याच डेट्रॉइटच्या पोटात, सुमारे बाराशे फूट खाली, मिठाची प्रचंड खाण आहे. म्हणजे काँक्रीट वर आणि काँक्रीटचा वैरी खाली, दोघेही एकाच गावचे. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ ओततात. बर्फ वितळतं, त्याचा खारट चिखल चाकांच्या मागे लोंबत घरापर्यंत येतो आणि रात्रभर गॅरेजमध्ये निवांत ठिबकतो. काँक्रीट दिसतं दगड, पण आतून सच्छिद्र. ते पाणी पितं. पाणी गोठलं की नऊ टक्के फुगतं. मिठामुळे ती छिद्रं कोरडी व्हायला मागत नाहीत, आणि गोठणं-वितळणं तर हिवाळाभर चालूच. मग वरचा थर खपल्या धरून सुटतो. साडूंकडे गाडीच्या पुढच्या चाकांखाली परातीएवढे दोन चट्टे पडले होते आणि आतली खडी उघडी पडली होती.

आम्हा दोघांच्या सामाईक सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या संगमेश्वराकडच्या. पदर खोचून त्यांनी त्या चट्ट्यावर अंगठा फिरवला, निघालेली रेती बोटांत चोळली आणि निदान केलं, ‘कोबा उखडलाय. पाणी धरतोय.’ साडूंनी पुढे दोन महिने ज्या चाचण्या केल्या, त्यांचा निष्कर्ष याच्या पुढे फारसा गेला नाही.

पहिलं काम गॅरेज रिकामं करण्याचं. सूचनांच्या कागदात याला एकच वाक्य दिलेलं असतं: ‘सर्व वस्तू बाहेर काढा.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने परदेशातलं मराठी गॅरेज पाहिलेलं नाही. तिथून काय निघालं? सोना मसुरीच्या गोण्या. जास्तीचा फ्रीझर, त्यात भारतातून आलेल्या पुरणपोळ्या. मंडळाची लेझीम, दोन ढोल आणि एक ताशा, जे ‘पुढच्या कार्यक्रमापर्यंत तुमच्याकडे राहू दे’ म्हणून आले आणि त्यानंतर मंडळाचे तीन अध्यक्ष बदलले. बर्फ उडवायचं यंत्र. जुन्या भाड्याच्या घरातून आणलेली आणि तेव्हापासून न उघडलेली खोकी, ज्यांच्यावर ‘महत्त्वाचे’ असं लिहिलेलं. यातलं एक उघडलं, तर आत आणखी खोकी, घडी करून ठेवलेली.

हे सगळं ड्राइव्हवेवर मांडल्यावर जे व्हायचं तेच झालं. शनिवार सकाळ. एक गाडी थांबली, मग दुसरी. तिकडे घरातल्या जुन्या वस्तू दारात मांडून विकायची रीतच आहे, त्यामुळे लोकांचा काही दोष नाही. टोपी घातलेल्या एका आजोबांनी ताशा उचलून वाजवून पाहिला आणि पाच डॉलर देऊ केले. साडू ‘नो, नो’ म्हणत धावले. तोवर सासूबाईंनी बोटं दाखवून दहा सांगितले होते. ताशा वाचला. पण दोन बॅगा आणि एक टेबलफॅन गेला, आणि त्याबद्दल कोणाला फारसं वाईट वाटलं नाही.

रिकाम्या जमिनीवर तेलाचे डाग दिसू लागले. इथे परदेशातल्या मराठी घराची एक आतली गोष्ट सांगायला हवी. तिकडची घरं लाकडाची, बंदिस्त, गालिचे अंथरलेली. एकदा बांगडे तळले की वास पडद्यांना आठवडाभर सोडत नाही. म्हणून मासे, भजी, दिवाळीच्या चकल्या हे सगळं तळण गॅरेजमध्ये, सुट्या शेगडीवर, शटर अर्धं वर करून. त्यामुळे साडूंच्या जमिनीवर दोन घराण्यांचे डाग होते: एक इंजिन ऑइलचे, दुसरे शेंगदाणा तेलाचे. एपॉक्सीला दोन्ही चालत नाहीत. तेलावर तिचा जीव बसत नाही. काही महिन्यांत तिथे पोपडा येतो.

पण दोघांचा इलाज वेगवेगळा, आणि ही रसायनातली मोठी मजेची गोष्ट आहे. खायचं तेल क्षाराशी जुळवून घेतं, त्याचा साबण होतो. कडक सोड्याचं गरम पाणी ओतून ताठ ब्रशने घासलं की ते बऱ्यापैकी निघून येतं. इंजिनचं तेल खनिज. त्याचा साबण होत नाही. त्याला ग्रीस काढायचं वेगळं औषध लागतं, आणि खोल मुरलेलं असेल तर ओढून घेणारी माती थापून ठेवावी लागते. मांजराच्या शी-शूसाठी जी माती पिशव्यांतून मिळते, ती लोक यासाठी वापरतात. घरात मांजर नसताना साडूंनी तिच्या दोन पिशव्या आणल्या. शेजारची मुलगी रोज येऊन मांजर कुठे आहे ते विचारायची.

डाग गेला की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. त्याची परीक्षा पाण्याची: जमिनीवर थोडं पाणी शिंपडायचं. पाणी मुरून जमीन काळसर झाली तर ठीक. पाण्याचे मणी होऊन वर बसले, तर तेल किंवा जुना सीलर अजून आत आहे. एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा साडू, मेव्हणी, दोन्ही मुलं आणि सासूबाई गुडघ्यांवर बसून एका थेंबाकडे बघत होती. कोणी बोलत नव्हतं. ‘मुरला,’ साडू म्हणाले. ‘नाही मुरला,’ मेव्हणी म्हणाली. धाकट्याने त्यावर हात टेकवला आणि पुरावा नष्ट झाला.

वरचं पाणी झालं, आता खालचं. काँक्रीट खालच्या मातीतून ओल वर ओढतं. ती वाफ होऊन निघून जाते, म्हणून एरवी दिसत नाही. वर एपॉक्सीचं झाकण बसलं की तिला वाट उरत नाही, आणि ती झाकणच उचलते. तपासायची रीत अगदी साधी आहे. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लॅस्टिक, चारही कडा चिकटपट्टीने बंद, आणि किमान सोळा तास कोणी हात लावायचा नाही. नंतर खाली दव दिसलं किंवा काँक्रीट काळवंडलं, तर थांबा. साडूंनी असे चौकोन जागोजागी लावले. ‘कोणी हात लावायचा नाही’ ही अट ऐकल्यावर मुलांनी काय केलं असेल, ते ज्यांना मुलं आहेत त्यांना सांगायला नको.

सासूबाईंना हा प्रकार मनापासून पटला होता. सगळे हसत असताना त्या एकट्या गंभीर. दिवाळीनंतर खळं करायचं म्हणजे आधी उगवलेलं गवत काढायचं, वरची पावसाने मेलेली माती खणून टाकायची, पाणी मारून चोपण्याने चोप चोप चोपायचं, आणि ती जमीन बसल्यावरच शेणाचा हात फिरवायचा. ‘मेल्या मातीवर सारवलं तर दुसऱ्या दिवशी पोपडे,’ त्या म्हणाल्या. ‘शेण चांगलं की वाईट, ते नंतर.’ सूचनांच्या घडीच्या कागदाचं इतकं नेमकं मराठी मी दुसरीकडे ऐकलं नाही.

काँक्रीटलाही ही मेलेली माती असते. गवंडी ओलं काँक्रीट घोटतो तेव्हा पाणी वर येतं आणि आपल्याबरोबर बारीक सिमेंट घेऊन येतं. ते वाळून जो गुळगुळीत थर बनतो तो दिसायला सुरेख आणि ताकदीला शून्य. एपॉक्सी त्याला घट्ट धरते, पण तो थर खालच्या काँक्रीटला धरत नाही. मग दोघं हातात हात घालून वर येतात. म्हणून तो काढायचा. कसा काढायचा, यावर मराठी मंडळात दोन तट पडले.

पहिला तट ॲसिडवाल्यांचा. खोक्यात एक पुडी होती, तिच्यातली पांढरी पूड म्हणजे लिंबूसत्वच. सरबतातलं लिंबूसत्व घालून जमीन कोरायची, ही कल्पना सासूबाईंना पोरकट वाटली. मंडळाच्या खजिनदारांनाही. ‘म्युरिॲटिक आणा, ओता, मोकळे व्हा,’ असं ते म्हणाले. म्युरिॲटिक म्हणजे हायड्रोक्लोरिक, आपल्याकडे न्हाणीघर धुवायला बाटलीतून मिळतं ते. ते ओतलं की काँक्रीट फसफसतं आणि वरचा थर विरघळतो, हे खरं. पण त्याची वाफ बंद गॅरेजमधल्या प्रत्येक लोखंडी वस्तूला गंज चढवते, आणि माणसाच्या छातीलाही सोडत नाही. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडात कधीच नाही, हे दहावीच्या प्रयोगशाळेत सरांनी ओरडून सांगितलेलं तेव्हा आठवावं लागतं. नंतर खायचा सोडा टाकून ते शांत करायचं, आणि पुन्हा पुन्हा धुवायचं. म्हणजे ज्या जमिनीची ओल मोजायला पंधरवडा घालवला, तिच्यावर पाइप सोडायचा. साडूंना हे सहन होण्यासारखं नव्हतं.

दुसरा तट ग्राइंडरवाल्यांचा. हिऱ्याचे दात बसवलेली वाटी, फिरणारं यंत्र, त्याला जोडलेला धूळ ओढणारा व्हॅक्यूम. भाड्याने मिळतं, दिवसाच्या हिशेबाने. आणि इथे साडूंना त्यांच्या आयुष्यातली सर्वांत आवडती गोष्ट सापडली: खरखरीतपणाचं मापन. इंटरनॅशनल काँक्रीट रिपेअर इन्स्टिट्यूट नावाची एक संस्था आहे. जमीन किती खरखरीत असावी यासाठी तिने एक ते दहा असे नमुने ठरवलेत, आणि त्यांच्या रबरी चकत्या मिळतात. बोट फिरवायचं आणि आपली जमीन कुठल्या चकतीशी जुळते ते बघायचं. एपॉक्सीच्या पातळ हाताला एक ते तीन नंबर पुरे. वरचे नंबर जाड थरांसाठी. साडूंनी कोणाकडून तरी तो संच मिळवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळे मिटून बोट फिरवायला लावू लागले. मी दोन नंबर म्हटलं. खजिनदारांनी चार म्हटलं, कारण मी दोन म्हटलं होतं. सासूबाईंनी चकतीकडे बघितलंही नाही. जमिनीवर अंगठा घासून म्हणाल्या, ‘बारीक रवा. जाड नको.’ साडूंनी वहीत ‘बारीक रवा = २’ अशी नोंद केली.

धुळीबद्दल मात्र थट्टा नको. काँक्रीट घासल्यावर उडते ती नुसती धूळ नसते, त्यात सिलिका असते. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि परत येत नाही. दगडखाणींतल्या आणि दगड फोडणाऱ्या किती मजुरांचे श्वास तिने आखडले आहेत, ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या २०१६ सालच्या नियमाप्रमाणे कामाच्या आठ तासांत तिची सरासरी हवेच्या घनमीटरमागे पन्नास मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. म्हणजे चिमटीतही धरता येणार नाही एवढी. तेव्हा नीट बसणारा मास्क आणि यंत्राला व्हॅक्यूम हवाच. मेव्हणीने तर घराकडे उघडणारं दार ओल्या चादरीने बंद केलं आणि मुलांना आमच्याकडे पाठवून दिलं. माझ्या मते सगळ्या प्रकल्पात सर्वांत शहाणपणाचं काम ते.

घासून झाल्यावर भेगा दिसतात. काँक्रीट वाळताना आकसतं, त्याला तडा जाणार हे ठरलेलं. म्हणून गवंडी आधीच सरळ खाच मारून ठेवतो, की बाबा, जायचंच असेल तर इथून जा. साडूंच्या जमिनीचा तडा त्या खाचेला समांतर, वीतभर अंतर ठेवून, शेवटपर्यंत गेला होता. इंजिनिअरला इतका सरळ अपमान सोसत नाही. त्यांनी ती भेग रुंद केली, साफ केली आणि तिच्यात एपॉक्सीची लांबी भरली. आता एपॉक्सी काही आपल्याला परकी नाही. स्वित्झर्लंडमधून १९४६ साली अराल्डाइट बाजारात आलं आणि पुढे भारतात घरोघरी पोहोचलं. दोन नळ्या सारख्या पिळून काडेपेटीच्या काडीने कालवायच्या आणि तुटलेल्या कपाचा कान धरून तासभर बसायचं, हे आपल्या पिढीने केलेलं आहे. गळक्या टाकीला एम-सील मळून लावलेलंही आहे. गॅरेजची जमीन म्हणजे त्याच कुळातलं काम, फक्त कप चारशे चौरस फुटांचा.

मग हवामान. जमिनीचं तापमान दवबिंदूच्या किमान तीन अंश सेल्सियस वर हवं, नाहीतर न दिसणारं दव पडतं आणि एपॉक्सी त्याच्यावर बसते. साडू पहाटे उठून तापमापकाची लाल टिकली जमिनीवर फिरवत. सासूबाईंनी अंगणात पोह्याचे पापड घातले होते. ते संध्याकाळी हाताला वाकले तर हवा दमट, मोडले तर कोरडी. साडू आपला तक्ता करत होते आणि नजर चुकवून पापडही मोडून बघत होते. पापड बरेच संपले.

शेवटी एका सकाळी दोन्ही गोष्टी जुळल्या. आणि इतक्या सगळ्यानंतर लावण्याचं काम असं झपाट्याने होतं की वाईट वाटावं. दोन डबे एकत्र ढवळले की घड्याळ सुरू. मिश्रण आपल्याच उष्णतेने तापायला लागतं, आणि बादलीत फार वेळ ठेवलं तर तिथेच घट्ट होतं. कडा ब्रशने, मधलं रोलरने, मागच्या भिंतीपासून दाराकडे मागे मागे सरकत. खजिनदार सूचना करायला आत गेले आणि कोपऱ्यात अडकले, त्यांना फळी टाकून बाहेर काढावं लागलं. ओल्या रंगावर रंगीत टिकल्या टाकायच्या असतात. खाली फेकल्या की ढीग होतो, वर उधळल्या की पसरून पडतात. साडूंचे ढीग झाले. सासूबाईंनी पिशवी हातातून काढून घेतली आणि दारात उभ्या राहून उधळल्या. इतक्या लग्नांत टाकलेल्या अक्षतांची मनगटातली सवय; एक ठिपका इकडचा तिकडे नाही.

दुसऱ्या दिवशी अनवाणी चालता येतं, गाडीला तीन दिवस थांबावं लागतं. साडूंनी आठवडा घेतला. कारण तापलेल्या टायरखाली कच्ची एपॉक्सी उचलली जाते, हे त्यांच्या वाचनात आलं होतं. आम्ही बघायला गेलो. जमीन खरोखरच खोक्यावरच्या चित्रातल्यासारखी झाली होती. दारात चपला काढायला लावल्या. माझ्या बायकोने वाकून खरंच केस नीट केले. साडू अभिमानाने गोल फिरले आणि नुकत्याच पुसलेल्या जागी सटकले. शेल्फ धरलं म्हणून निभावलं.

‘हिवाळ्यात बर्फाचे बूट घालून आलात की काय होणार, जावईबापू?’ सासूबाईंनी विचारलं.

‘त्याची सोय आहे, आई,’ साडू म्हणाले आणि त्यांनी एक डबा पुढे केला. त्यात बारीक, टोकदार दाण्यांची पूड होती. पारदर्शक थराचा आणखी एक हात द्यायचा, त्यात ही कालवायची, म्हणजे पाय घसरत नाही.

सासूबाईंनी दाणे चिमटीत घेऊन चोळले. ‘म्हणजे वाळू.’

‘ॲल्युमिनियम ऑक्साइड.’

‘लागते तर वाळूच. आधी खरखरीत केलीत, मग गुळगुळीत केलीत, आता पुन्हा खरखरीत करायला वाळू. मग पहिला कोबा काय वाईट होता?’

साडूंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी रबरी चकत्यांचा संच आणला आणि त्यातली दोन नंबरची शोधायला लागले.